ब्लॅक बेल्टनंतरच्या वर्षांसाठी काय ठरवावे?

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून नाशिकला एका बँकेत नोकरी करते. मुलगी तिसरीत असताना तिला शोतोकान कराटेच्या क्लासला घातले आणि तासभर बाहेर बसून राहण्यापेक्षा मीही नाव नोंदवले. दहावीच्या वर्षी मुलीने क्लास सोडला, माझा मात्र सुटला नाही. आता माझा ब्राऊन बेल्ट आहे आणि दिवाळीनंतर ब्लॅक बेल्टचे ग्रेडिंग आहे. आमच्या सेन्सेईंनी (प्रशिक्षकांनी) ग्रेडिंगला बसणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या पाच, दहा आणि वीस वर्षांत कराटेमध्ये काय साधायचे आहे, ते लिहून आणायला सांगितले आहे. सोबतची सोळा-सतरा वर्षांची मुले राष्ट्रीय स्पर्धा, आंतरराष्ट्रीय पदक असे भराभर लिहून मोकळी झाली. मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. सेकंड डॅन, थर्ड डॅन (ब्लॅक बेल्टमधल्या वरच्या श्रेणी) असे लिहावे, तर ते मला मनापासून हवे आहे का, तेच कळत नाही. उजवा गुडघा वर्षभर अधूनमधून दुखतो आहे. सासूबाई म्हणतात, ‘बेल्ट मिळाला की आता पुरे कर.’ आणि बेल्ट मिळाल्यावर कुणी न सांगताही मी थांबेन, अशी भीती मला वाटते. या वयात दूरचे उद्दिष्ट ठेवावे का, आणि ठेवावे तर कोणते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्ही कागद दोनदा फाडलात, ही मला चांगली गोष्ट वाटते, कारण त्यावर लिहिलेले दुसऱ्याच्या मापाचे आहे हे तुम्हाला लिहितानाच कळले. सोळा वर्षांच्या मुलाने पदकाचे नाव घालावे हे योग्यच आहे. त्याच्यापुढे स्पर्धेची वर्षे आहेत. तुमच्यापुढेही वर्षे आहेत, आणि ती थोडी नाहीत, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘हो’ असे आहे. दूरचे उद्दिष्ट तुम्ही ठेवायलाच हवे, आणि तुमच्या वयाला ते सोळाव्या वर्षापेक्षा अधिक गरजेचे आहे.

आधी तुमच्या भीतीविषयी बोलू, कारण ती निराधार नाही. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर वर्षभरात येणे कमी करणारे आणि मग दिसेनासे होणारे विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, असतात. ते आळशी असतात असे मुळीच नाही. पांढऱ्या बेल्टपासून ब्राऊनपर्यंत दर काही महिन्यांनी परीक्षा असते, प्रत्येक परीक्षेचा काता, म्हणजे एकट्याने करायच्या हालचालींचा क्रम, ठरलेला असतो, आणि पुढे काय करायचे हे सेन्सेई सांगत असतात. पहिल्या डॅननंतर, म्हणजे ब्लॅक बेल्टनंतर, पुढची परीक्षा एकदम काही वर्षे लांब जाते, आणि मधल्या काळात आज सरावाला का जायचे, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागते. इतकी वर्षे ज्याने ते कधी ठरवलेलेच नसते, त्याला ही मोकळीक पेलत नाही. म्हणून तुमच्या कागदावर येणारे उद्दिष्ट परीक्षेच्या तारखेवर अवलंबून नसावे, आणि ते साधते आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला, घरच्या जमिनीवर उभे राहून तपासता यावे. माझा सल्ला एवढ्या एका कसोटीवर उभा आहे.

बेल्टची पद्धत कराटेच्या मानाने अगदी अलीकडची आहे, हे या संदर्भात लक्षात घ्यावे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापन करून जुदोची घडी बसवली आणि डॅनची श्रेणी तिथे सुरू केली. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी ती कराटेत आणली आणि आपल्या शिष्यांना पहिले डॅन दिले ते 1924 मध्ये. फुनाकोशी यांचा जन्म 1868 चा, ओकिनावातल्या शुरी गावचा. व्यवसायाने ते शाळामास्तर होते. अझातो आणि इतोसु या गुरूंकडे ते तरुणपणापासून शिकले, आणि तेही बराच काळ रात्रीच्या वेळी, कारण तेव्हा कराटे उघडपणे शिकवले जात नसे. 1922 मध्ये प्रात्यक्षिकासाठी ते टोकियोला गेले आणि तिथेच राहून शिकवू लागले, तेव्हा त्यांचे वय 53 होते. म्हणजे तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त. तोपर्यंतच्या त्यांच्या साऱ्या सरावात रंगीत पट्टा कुठेच नव्हता. मग ते कशाच्या मागे होते? आज आपण तेक्की म्हणतो त्या तीन कातांसाठी आपल्याला दहा वर्षे लागली, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. तीन लहान काता आणि दहा वर्षे! आपल्याकडे एका वर्षात चार काता ‘पूर्ण’ करून पुढच्या ग्रेडिंगचा फॉर्म भरला जातो, आणि त्यात पोचण्याची घाई एवढी असते की काता पाठ होते आणि अंगात मुरायची राहून जाते.

म्हणून तुमच्या पाच वर्षांच्या रकान्यात मी एकच गोष्ट लिहायला सांगेन : एक काता. नवीन काता शिकणे थांबवा असे मी म्हणत नाही. सेन्सेई शिकवतील त्या सगळ्या शिका, पण त्यांतली एक तुमची असू द्या, आणि ती निवडताना तुमचा गुडघा विचारात घ्या. ज्या कातांमध्ये उडी आहे, उदाहरणार्थ कान्कू दाई किंवा एम्पी, त्या क्लासमध्ये जपून करा, पण वीस वर्षांच्या सोबतीसाठी निवडू नका. बास्साई दाई किंवा जिओन निवडा; दोन्हींत उडी नाही आणि दोन्हींत कसून करण्यासारखे उदंड आहे. त्याच्या जोडीला तेक्की शोदान ठेवा. ती सगळी किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या रुंद पवित्र्यात, एका सरळ रेषेत डावी-उजवीकडे सरकत होते आणि तिला एका चटईएवढी जागा पुरते. क्लास बुडाला त्या दिवशी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला तरी ती करता येते, ही सोय नोकरी करणाऱ्या बाईसाठी लहान नाही.

आता ‘एक काता पाच वर्षे’ म्हणजे नेमके काय करायचे, ते तेक्की शोदानमधल्या एकाच हालचालीवरून सांगते. त्या कातामध्ये नामी-गाएशी येते : किबा-दाचीत बसलेले असताना एक पाऊल जमिनीवरून सुटून दुसऱ्या मांडीच्या दिशेने आत वर येते आणि त्याच वाटेने परत जागेवर बसते. ब्राऊन बेल्टपर्यंत सगळ्यांना ती ‘येते’. तुम्ही ती भिंतीसमोर उभे राहून करा आणि डोक्याच्या उंचीला पेन्सिलीने एक बारीक खूण करा. पाऊल उचलण्याच्या आधी बहुतेकांचे अंग नकळत दुसऱ्या पायावर झुकते, डोके बोटभर वर येते, आणि पाऊल परत टेकताना धप्पकन आवाज होतो. अंग न झुकवता पाऊल सुटायचे, तर वजन दोन्ही पायांवर आधीपासून इतके नेमके बसलेले असावे लागते की झुकण्याची गरजच पडू नये. त्यासाठी मांड्यांची आतली बाजू, नितंब आणि पोट यांचे बळ लागते, आणि ते यायला वर्षे लागतात. डोके खुणेवरून हलत नाही आणि पाऊल आवाज न करता टेकते, हे पाच वर्षांचे उद्दिष्ट म्हणून पुरेसे मोठे आहे. ते झाले की नाही हे सांगायला परीक्षक लागत नाही. बास्साई दाईमध्येही अशीच चार-पाच ठिकाणे सेन्सेईंच्या मदतीने निवडून ठेवा, आणि वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात, मोबाइल एकाच जागी ठेवून पूर्ण काता चित्रित करा. दोन वर्षांची चित्रणे शेजारी ठेवून पाहिली की वही भरून लिहिलेल्या नोंदींपेक्षा जास्त कळते.

गुडघ्याविषयी मात्र मला थोडे कडक बोलायचे आहे. वर्षभर अधूनमधून दुखणारा गुडघा ही सहन करून नेण्याची गोष्ट नव्हे. गुडघ्यावर सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल, तर ग्रेडिंगच्या आधी, या आठवड्यात, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसे काही नसले तरी एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्याच, आणि त्यांना ‘व्यायाम करते’ असे मोघम न सांगता, शक्यतो उभे राहून झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा), किबा-दाची आणि ग्याकु-झुकीचे (मागच्या हाताच्या ठोशाचे) वळण करून दाखवा, म्हणजे त्यांना नेमका भार कुठे येतो ते दिसेल. कराटेत गुडघा बिघडण्याची काही ठरलेली ठिकाणे आहेत. झेनकुत्सु-दाचीत पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत न राहता आत कलंडतो. आजकालच्या रबरी मॅटवर अनवाणी पाऊल घट्ट धरले जाते. वळताना कंबर फिरते, पाऊल फिरत नाही, आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर येतो, म्हणून वळण्याआधी त्या पायावरचे वजन क्षणभर हलके करण्याची सवय लावून घ्यावी लागते. हवेत माए-गेरी (समोरची लाथ) मारताना पाय सांध्यापर्यंत ताठ झटकला आणि परत ओढला नाही, तर तो झटका सांध्याला बसतो. आणि वॉर्मअपच्या नावाखाली बेडूकउड्या घेणे तुमच्या वयाला अजिबात आवश्यक नाही. त्या वेळी शेजारी उभे राहून सावकाश बैठका मारायची परवानगी सेन्सेईंकडे मागा. स्टान्स थोडा उंच ठेवला म्हणून काता खोटी ठरत नाही. खोल बसून कलंडलेल्या गुडघ्यापेक्षा उंच आणि सरळ रेषेतला गुडघा नेहमीच बरा.

तेव्हा कागदावर पहिल्या ओळीत लिहा की दहा वर्षांनी माझे दोन्ही गुडघे, कंबर आणि खांदे सरावाला साथ देत असतील अशा रीतीने मी आजचा सराव करीन. हे पळवाटीचे उद्दिष्ट आहे असे कुणाला वाटेल, पण मला ते सगळ्यांत कठीण वाटते, कारण त्यासाठी दर आठवड्याला दोनदा मांड्या, पोटऱ्या आणि नितंब यांच्या बळाचे व्यायाम, क्लासव्यतिरिक्त, कुणी पाहत नसताना करावे लागतात. पन्नाशीच्या आसपास, पाळी थांबण्याच्या काळात, स्त्रियांच्या हाडांची घनता झपाट्याने घटू लागते आणि स्नायूही उतरू लागतात. वजन पेलणारे आणि बळाचे व्यायाम त्या घटीला आळा घालतात, आणि तोल शाबूत असेल तर पडण्याचा धोका कमी होतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे किती घरांना किती महागात पडते, हे तुम्ही आसपास पाहिलेच असेल. सावकाश माए-गेरी, म्हणजे गुडघा वर, पाय पुढे, पाय परत, गुडघा तसाच वर आणि मग पाऊल खाली, प्रत्येक टप्प्यावर श्वासभर थांबून आणि कुठेही आधार न घेता : ती साठाव्या वर्षी दोन्ही पायांवर जमणे, हे वीस वर्षांच्या रकान्यात मी डॅनच्या वर लिहीन. शिवाय तुमच्या डोजोत पडण्याचे तंत्र शिकवत नसतील, तर शहरातल्या एखाद्या जुदो प्रशिक्षकांकडे काही महिने उकेमी शिकून घ्या. आधी गुडघा दाखवा आणि मगच जा.

डॅनविषयी माझे मत विचाराल तर, परीक्षा जरूर द्या, पण ती वाटेवरचा थांबा म्हणून द्या. या बाबतीत मला जुदोतल्या केइको फुकुदा यांचे उदाहरण फार मोलाचे वाटते. 1913 मध्ये जन्मलेल्या फुकुदा या खुद्द कानो यांच्या शिष्या. स्त्रियांना पाचव्या डॅनच्या वर चढवायचे नाही, अशी कोदोकानची रीत असल्यामुळे त्यांना बरीच वर्षे त्याच श्रेणीवर थांबावे लागले. सहावा डॅन मिळाला तो 1972 मध्ये. हा उघड अन्याय होता. पण त्या मधल्या काळात त्यांनी जु-नो-काता या एका कातावर काम केले, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे प्रात्यक्षिक दिले, पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्त्रियांना शिकवले आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या मॅटच्या कडेला बसून शिकवत होत्या. 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, अमेरिकेच्या जुदो संघटनेने त्यांना दहावा डॅन दिला. तो डॅन मिळाला नसता, तरी त्यांच्या आयुष्याचे काम तेवढेच राहिले असते. तुम्ही फॉर्म भरण्याआधी एक व्यवहाराची चौकशी मात्र करून घ्या : तुमच्या डॅनची नोंद कोणत्या संघटनेकडे होणार, दुसऱ्या डॅनसाठी किमान किती काळ जावा लागतो आणि शहर बदलले तर ते प्रमाणपत्र दुसरीकडे मानले जाईल का. आपल्याकडे संघटना अनेक आहेत आणि त्या एकमेकींच्या प्रमाणपत्रांना मान देतीलच असे नाही.

स्पर्धेचा मोह होत असेल तर तोही दाबू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली स्त्रियांच्या काता प्रकारात स्पेनच्या सान्द्रा सांचेझ यांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांच्यामागे पूर्ण वेळचे प्रशिक्षण होते आणि तुमच्यामागे बँक आहे, हा फरक मोठाच आहे. पण काता या प्रकारात वय लगेच आड येत नाही, एवढे त्यातून नक्की घ्यावे. वयोगटाची एखादी स्पर्धा पाच वर्षांत एकदा, लोकांसमोर एकटीने काता करताना अंगात येणारा कंप ओळखण्यासाठी, मी तुम्हाला सुचवीन.

स्वसंरक्षणाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण पुष्कळ जणी ‘स्वतःचे रक्षण करता यावे’ असे उद्दिष्ट लिहितात आणि मग काता करत राहतात. ते हवे असेल तर त्याचा सराव वेगळा करावा लागतो : अंतर राखणे, मोठ्याने ओरडणे, मनगट किंवा ओढणी धरली गेल्यावर सुटणे, आणि सुटताक्षणी पळणे, हे सगळे विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर. क्लासमध्ये महिन्यातून एक तास त्यासाठी ठेवता येईल का, ते सेन्सेईंना विचारा.

दहा वर्षांच्या रकान्यात शिकवण्याचे काहीतरी असावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या तालमींमध्ये कुस्ती सोडलेला वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पोराचा पाय कुठे पडतो आहे ते पाहत असतो, आणि त्याच्या एका शब्दाने पोराची पकड बदलते. कराटेतही वाढत्या वयाची जागा तीच आहे. ब्लॅक बेल्ट मिळाला की सेन्सेई बहुधा तुम्हाला पांढऱ्या बेल्टच्या रांगेपुढे उभे करतीलच. ते ओझे समजू नका. सात वर्षांच्या मुलाला हेआन शोदान या कातामधले पहिले वळण समजावून सांगताना आपल्याला ते का येते आणि कुठे येत नाही, हे लख्ख कळते. आणि तुमच्याकडे त्या सोळा वर्षांच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे : पस्तिशीत, मुलीला सोडायला आलेली असताना, सगळ्यांत मागच्या रांगेत उभे राहून सुरुवात करणे म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. आजही तुमच्या डोजोबाहेर बाकावर आया बसल्या असतील. दहा वर्षांत त्यांतल्या चौघी-पाचजणींना आत आणून ब्राऊन बेल्टपर्यंत नेणे, हे मला कुठल्याही पदकाच्या तोडीचे उद्दिष्ट वाटते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना ‘पुरे’ म्हणावेसे वाटते, त्यामागे बहुधा तुमच्या दुखऱ्या गुडघ्याची काळजी आणि संध्याकाळच्या कामाचा ताण, अशी दोन्ही कारणे असतील, आणि दोन्ही खरी आहेत. डॉक्टरांनी काय सांगितले ते त्यांना स्वतः सांगा. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी तुम्ही घरी नसाल, ते घरात सर्वांसमक्ष ठरवून टाका आणि त्या दिवशीच्या स्वयंपाकाची व्यवस्था यजमान आणि मुलगी यांच्यात वाटून द्या. दर वेळी परवानगी मागावी लागणारा सराव वीस वर्षे टिकत नाही. मार्चअखेरीस बँकेत तुम्हाला मान वर करायला वेळ मिळणार नाही हे आधीच धरून चाला, आणि त्या तीन-चार आठवड्यांत रोज एकदा तेक्की शोदान, एवढाच नियम ठेवा. खंड पडल्यावर परत जाण्याची लाज वाटते, आणि बहुतेकांचा क्लास त्या लाजेपायीच सुटतो. म्हणून खंड पडेल तेव्हा काय करायचे तेही कागदावर लिहून ठेवा.

तिसऱ्यांदा लिहायला बसाल तेव्हा तीन रकाने भरलेच पाहिजेत असे समजू नका. गुडघ्याची ओळ, एका काताचे नाव, साठाव्या वर्षीची सावकाश माए-गेरी आणि बाकावरच्या त्या आया, एवढे आले तरी कागद पुरेसा भरेल. त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दर वर्षी काता चित्रित कराल त्याच दिवशी ती वाचून, पटत नसेल ते खोडा. सेन्सेईंच्या हाती कागद देताना गुडघ्याची गोष्टही त्याच वेळी सांगा, म्हणजे ग्रेडिंगला कोणता काता आणि किती खोल स्टान्स, हे दोघांना मिळून दिवाळीआधी ठरवता येईल.